गाणाऱ्यामागची गिटार : एडी लँग आणि त्याने साथ केलेले आवाज

अमेरिकेत 2018 साली झालेल्या एका कायद्याने जुन्या ध्वनिमुद्रणांवरील हक्कांची मुदत ठरवून दिली. त्यानुसार 1923 ते 1946 या काळात प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांवरील हक्क शंभर वर्षांनी संपतो. त्यामुळे 1925 सालच्या तबकड्या 1 जानेवारी 2026 पासून तिकडे सर्वांसाठी खुल्या झाल्या, 1926 सालच्या त्यापुढच्या जानेवारीत खुल्या होतील आणि हा क्रम वर्षागणिक असाच चालू राहील. ही जुनी गाणी आता स्वच्छ करून पुन्हा ऐकवली जाऊ लागली आहेत आणि ज्यांनी आजवर त्या काळाकडे कधी लक्ष दिले नव्हते असे श्रोतेही त्यांच्याकडे वळत आहेत.

या साठ्यात नव्याने शिरणाऱ्याला एक गोष्ट मात्र हमखास गोंधळात टाकते. बेसी स्मिथ ही ब्लूज गाणारी कृष्णवर्णीय गायिका, बिंग क्रॉस्बी हा रेडिओवरून घरोघरी पोहोचलेला गोरा गायक, न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या तीन बॉझवेल भगिनी आणि युकुलेली हे छोट्या गिटारसारखे वाद्य वाजवत विनोदी गाणी म्हणणारा क्लिफ एडवर्ड्स यांचे गाणे एकमेकांशी जुळणारे नव्हते आणि त्यांचा श्रोतावर्गही वेगवेगळा होता. तरीही कोणत्या तबकडीवर कोणी वाजवले याच्या जाणकारांनी केलेल्या याद्या उघडल्या की या सर्वांच्या नावांखाली एकच नोंद पुन्हा पुन्हा भेटते : गिटार, एडी लँग. मूळ तबकडीच्या लेबलवर बहुधा फक्त गायकाचे नाव असते, लँगचे नसते. मग हा माणूस सगळीकडे कसा, आणि गायकामागे वाजवलेल्या गिटारीला जॅझच्या इतिहासात एवढे महत्त्व का दिले जाते, हे समजून घेण्यासाठी आधी त्याची ओळख करून घेऊ आणि मग थोडे यंत्रांकडे वळू.

हा एडी लँग कोण?

त्याचे खरे नाव साल्वातोरे मास्सारो. जन्म 25 ऑक्टोबर 1902 रोजी फिलाडेल्फियात, इटलीहून आलेल्या कुटुंबात झाला. वडील तंतुवाद्ये बनवणारे होते. मुलाचे शिक्षण लहान वयातच व्हायोलिनवर सुरू झाले आणि इटालियन पद्धतीप्रमाणे वाद्याच्या बरोबरीने स्वर गाऊन ओळखण्याची तालीमही त्याला मिळाली. शाळेत त्याची जो वेनुती या मुलाशी गाठ पडली. तोही व्हायोलिनचाच विद्यार्थी होता. पुढे वेनुती व्हायोलिनवर राहिला, मास्सारो बँजो आणि मग गिटारीकडे वळला, आणि या जोडीने 1926 पासून केलेली व्हायोलिन-गिटारची मुद्रणे जॅझमध्ये आजही आदर्श मानली जातात. ‘एडी लँग’ हे नाव त्याने लहानपणी आवडणाऱ्या एका बास्केटबॉल खेळाडूवरून घेतले होते.

1924 साली तो माउंड सिटी ब्लू ब्लोअर्स या छोट्या चमूत दाखल झाला. तिथे रेड मॅकेंझी हा गडी कंगव्याला कागद लावून त्यातून सूर काढत असे. 1926 च्या सुमारास लँग न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत स्थिरावला आणि पुढची सहा-सात वर्षे तिथला सर्वांत मागणी असलेला गिटारवादक राहिला. 26 मार्च 1933 रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर तो शुद्धीवर आलाच नाही. म्हणजे ध्वनिमुद्रणातली त्याची सारी कारकीर्द जेमतेम नऊ वर्षांची, पण तेवढ्यात त्याने शेकडो तबकड्यांवर वाजवले, आणि त्यांतल्या फार मोठ्या भागात तो कोणाच्या ना कोणाच्या गाण्यामागे बसलेला आहे.

1925 साली नेमके काय बदलले?

त्याआधीच्या ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. स्टुडिओत एक मोठा कर्णा असे. गायक आणि वादक त्याच्या तोंडाशी दाटीवाटीने उभे राहत, त्यांच्या आवाजाने कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी असलेला पडदा थरथरे आणि त्या पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर चर कोरत जाई. चर कोरण्याची सगळी ताकद आवाजालाच पुरवावी लागत असल्यामुळे बारीक आवाज नोंदलाच जात नसे. शिवाय या पद्धतीने साधारण 250 ते 2500 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, एवढ्याच पट्ट्यातले ध्वनी बरे उतरत. त्याच्या खालचा घुमारा आणि वरची झिलई दोन्ही हरवत.

या व्यवस्थेत ट्रम्पेट टिकत असे, बँजो टिकत असे, कारण बँजोची पोकळी चामड्याने मढवलेली असते आणि तिचा आवाज टणत्कारी, झटकन पुढे येणारा असतो. गिटार मात्र बँडमध्ये पार बुडून जाई. गायकांचेही तसेच होते. ज्यांचा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत मायक्रोफोनविना पोहोचे, असे बुलंद गळेच कर्ण्याला मानवत.

1925 च्या वसंतात व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन मोठ्या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत पद्धत स्वीकारली. आता आवाज मायक्रोफोन टिपू लागला, त्याचा विद्युत संकेत व्हॅक्यूम ट्यूबच्या साहाय्याने मोठा होऊ लागला आणि कोरणाऱ्या सुईला ताकद विजेकडून मिळू लागली. वरची मर्यादा 5000 हर्ट्झच्या आसपास गेली आणि खालच्या बाजूलाही बरीच भर पडली. इतर कंपन्या पुढच्या एक-दोन वर्षांत त्याच वाटेने गेल्या.

याचा परिणाम दोन ठिकाणी एकदमच झाला, आणि या लेखाचा सारा रोख त्या एकदमपणावर आहे. एकीकडे गायकाला ओरडण्याची गरज उरली नाही. मायक्रोफोनजवळ उभे राहून जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत हळुवार गाणे शक्य झाले, आणि या गायकीला क्रूनिंग म्हणू लागले. दुसरीकडे गिटारीचा मऊ, भरीव आवाजही पहिल्यांदाच नीट नोंदला जाऊ लागला. हळू गाणाऱ्याला हळू वाजणाऱ्या साथीची गरज होती आणि ती वाजवण्यासाठी तयारीचा माणूस न्यूयॉर्कमध्ये हजर होता.

पण कर्ण्याच्या काळातही गिटार मुद्रित झालीच होती ना?

झाली होती. निक लुकासने 1922 साली केवळ गिटारवर दोन स्वतंत्र रचना वाजवून मुद्रित केल्या होत्या आणि खुद्द लँगची 1924 ची पहिली मुद्रणेही कर्ण्यातलीच आहेत. एकटी गिटार कर्ण्याजवळ आणून ठेवली, किंवा चमूत कंगवा, काझू (गुणगुणून वाजवायची छोटी नळी), बँजो अशी मोजकीच वाद्ये असली, तर ती ऐकू येत असे. गायक, पियानो, व्हायोलिन आणि दोन-तीन फुंकवाद्ये भोवती असताना गिटारीची बारीक चाल स्वतंत्रपणे कानाला जाणवणे मात्र मायक्रोफोनखेरीज शक्य नव्हते.

इथे आणखी एक गैरसमज दूर केलेला बरा. लँगची गिटार विजेची नव्हती. ती लाकडी, पोकळ, पोलादी तारांची होती, फक्त तिचा वरचा पाट व्हायोलिनप्रमाणे कमानदार कोरलेला असे. आधी त्याच्याकडे गिब्सन कंपनीची एल-4 होती आणि नंतर त्याच कंपनीची, 1922 साली बाजारात आलेली एल-5 त्याने वापरली, जिला व्हायोलिनसारखी दोन लांबट छिद्रे असतात. तिचा आवाज धारदार आणि थोडा कोरडा असल्यामुळे इतर वाद्यांच्या गर्दीतही तिचा स्वर वेगळा कळतो. विजेवर मोठ्या होणाऱ्या गिटारीचा जॅझमध्ये दबदबा निर्माण केला तो चार्ली ख्रिश्चनने, 1939 पासून, म्हणजे लँगच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

गायकामागे वाजवायचे म्हणजे नेमके काय करायचे?

नाट्यसंगीताची पेटी ज्यांनी मन लावून ऐकली आहे त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. चांगला पेटीवाला गाणाऱ्याची ओळ चालू असताना तिच्या अंगाला अंग लावून, पण एक पाऊल मागे राहून वाजवतो, आणि गाणारा श्वास घ्यायला थांबला की तेवढीच रिकामी जागा त्याच गाण्याच्या वळणाने भरून पुन्हा मागे सरतो. जागा भरली नाही तर गाणे पोकळ वाटते, आणि प्रमाणाबाहेर भरली तर गाणाऱ्याला खटकते. लँगचे काम याच जातीचे होते, फक्त त्याच्यावर आणखी दोन जबाबदाऱ्या होत्या : ठेका धरणे आणि कॉर्ड पुरवणे.

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. पाश्चात्त्य गाण्यात चालीखाली अशा कॉर्डची मालिका चालू असते आणि तिच्यामुळे गाण्याला पायाखालची जमीन मिळते. त्या काळचा सर्वसाधारण बँजोवाला चार मात्रांच्या एका खंडात तीच कॉर्ड चार वेळा खणखणीत आपटत असे. लँगचे निराळेपण इथे अगदी जवळून पाहता येते. त्याच चार मात्रांत तोही नाव घेण्यापुरती तीच कॉर्ड वाजवतो, पण प्रत्येक मात्रेला तिची मांडणी बदलतो. पहिल्या मात्रेला खालचा एक स्वर, दुसऱ्याला त्याच्यावरचा, मध्येच एक जोडस्वर, आणि चौथ्या मात्रेला पुढच्या कॉर्डकडे नेणारा स्वर. ऐकणाऱ्याच्या लक्षात कॉर्ड बदलल्याचे येत नाही, तरी खालच्या तारांवर एक छोटी चाल पायऱ्या चढत-उतरत गेल्याचे मात्र जाणवते. गायकाला त्यामुळे लयही मिळते आणि पुढे कुठे जायचे आहे याची चाहूलही लागते.

याशिवाय त्याच्याजवळ एकाच तारेवर वाजवलेली छोटी उत्तरे होती. गायिकेने ओळ संपवली की दोन मात्रांत तिच्याच ओळीचा शेवट किंचित फिरवून परत म्हणायचा. तारेला हलका स्पर्श करून काढलेले घंटेसारखे स्वरही तो वापरी, पण क्वचित, आणि माझ्या मते त्याचा संयम तिथेच सर्वांत जास्त दिसतो. 4 फेब्रुवारी 1927 रोजी फ्रँकी ट्रम्बाउरच्या चमूबरोबर त्याने वाजवलेल्या ‘सिंगिन द ब्लूज’मध्ये गायक नाहीच, ट्रम्बाउरचा सॅक्सोफोन आहे. पण त्या सॅक्सोफोनखाली लँग जे विणत जातो ते ऐकले की गायकांनी त्याला का बोलावून घेतले हे वेगळे सांगावे लागत नाही.

ब्लूज : न मोजता गाणाऱ्यांची साथ

ब्लूज हा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा गानप्रकार आहे. त्यात सर्वसाधारणपणे चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे एक आवर्तन असते, आणि त्यात तीन ओळी बसतात : पहिली ओळ, तिचीच पुनरुक्ती, आणि तिसरी उत्तरादाखल. प्रत्येक ओळीनंतर वाद्यासाठी जागा सुटते, म्हणून साथीदाराची परीक्षा पाहायला याहून चांगला प्रकार नाही.

8 मे 1929 रोजी न्यूयॉर्कमध्ये बेसी स्मिथने कोलंबियासाठी जी गाणी मुद्रित केली त्यांत पियानोवर क्लॅरेन्स विल्यम्स आणि गिटारवर लँग, एवढेच दोघे होते. ‘किचन मॅन’ हे त्यांतले एक गाणे. तसे ते बारा खंडांचे ब्लूज नव्हे, रंगमंचावरच्या चालीचे, वरवर स्वयंपाक्याचे वर्णन करणारे आणि आतून चावट गाणे आहे. पियानो ठेका सांभाळतो, त्यामुळे लँगला बाईंच्या ओळींना उत्तर देण्याची मोकळीक मिळते, आणि तो ती अगदी गंभीर चेहऱ्याने घेतो. विनोदी शब्दांना विनोदी साथ करण्याचा मोह त्याने टाळला आहे, त्यामुळे शब्दांतला खट्याळपणा अधिकच खुलतो. बेसी स्मिथचा गळा कर्ण्याच्या काळात घडलेला, प्रचंड ताकदीचा. या मुद्रणांत तो मायक्रोफोनसमोर थोडा सैलावलेला ऐकू येतो.

टेक्सास अलेक्झांडरची गोष्ट याहून अवघड. तो स्वतः कोणतेही वाद्य वाजवत नसे, त्यामुळे बारा खंड मोजण्याची त्याला कधी गरजच पडली नव्हती. ओळ मनाला येईल तेवढी लांबवायची आणि श्वास संपला की थांबायचे, अशी त्याची रीत होती. लॉनी जॉन्सन या थोर कृष्णवर्णीय गिटारवादकाने त्याची बरीच साथ केली आहे आणि ती सोपी नव्हती. नोव्हेंबर 1928 मध्ये ओके कंपनीच्या मुद्रणांसाठी लँगवर ती पाळी आली. इथे ठेका धरून बसण्यात अर्थ नव्हता. गायक कधी परतेल याचा अंदाज त्याच्या श्वासावरून बांधायचा, तोवर कॉर्ड धरून थांबायचे आणि तो परतला की त्याच्याबरोबर पुढच्या कॉर्डवर उतरायचे. फिलाडेल्फियाच्या इटालियन वस्तीत वाढलेल्या मुलाला टेक्सासच्या शेतमजुराच्या गाण्याचा श्वास कळावा, ही मला आजही नवलाची गोष्ट वाटते.

त्याच दिवसांत लँग आणि लॉनी जॉन्सन यांनी मिळून दोन गिटारींची जुगलबंदीही मुद्रित केली. त्या काळी कंपन्या कृष्णवर्णीय ग्राहकांसाठीच्या तबकड्यांची वेगळी मालिका काढत. त्या मालिकेत गोऱ्या वादकाचे नाव नको म्हणून लँगला ‘ब्लाइंड विली डन’ असे टोपणनाव देण्यात आले. म्हणजे जिथे त्याचे नाव लेबलवर यायला हवे होते तिथेही ते आले नाही, त्याऐवजी एक खोटा अंध माणूस उभा केला गेला. दोघे वादक एका खोलीत समोरासमोर बसून वाजवू शकत होते, पण तबकडीवर त्यांची नावे शेजारी छापणे मात्र धंद्याच्या नियमात बसत नव्हते.

लोकप्रिय गाण्यांत त्याची गरज काय होती?

रूथ एटिंग आणि ॲनेट हॅनशॉ या लोकप्रिय गायिका आणि क्लिफ एडवर्ड्स यांची गाणी मुळात नाटकांतून आणि गाण्यांच्या छापील वह्यांतून आलेली होती. त्यांत जॅझ असायलाच हवे असे काही नव्हते. पण प्रकाशकाकडून आलेली चाल दहा गायक एकाच महिन्यात गात असताना आपली तबकडी वेगळी वाटावी, अशी प्रत्येक कंपनीची इच्छा असे. लँग, वेनुती आणि टॉमी व जिमी हे डॉर्सी बंधू अशा तीन-चार वादकांना बसवले की त्याच चालीला एकदम धार येई. हॅनशॉच्या तबकड्यांवर तर तिचेही नाव अनेकदा बदललेले असे, कधी गे एलिस तर कधी डॉट डेअर. गाणे संपल्यावर ती बोलून टाकत असलेल्या ‘दॅट्स ऑल’ या दोन शब्दांवरून मात्र ती ओळखता येते.

बॉझवेल भगिनींचे प्रकरण वेगळे होते. मार्था, कॉनी आणि व्हेट या तिघींनी गाण्याची मांडणी स्वतःच्या डोक्याने केलेली असे. तीन मिनिटांच्या तबकडीत लय मध्येच निम्मी व्हायची, मग दुप्पट, चाल मूळ चालीपासून दूर जायची, कॉर्ड गंभीर छटेच्या व्हायच्या, आणि तिघींचे आवाज एका आवाजासारखे वळायचे. 1931 आणि 1932 मध्ये ब्रन्सविक कंपनीसाठी केलेल्या या मुद्रणांत अनेकदा डॉर्सी बंधू, वेनुती आणि लँग आहेत. अशा गाण्यात लय बदलताना सर्वांना एकत्र ठेवणारे कोणीतरी लागते. ढोल हे काम करू शकतो, पण त्याचा आवाज हळू गाण्याला जड होतो. गिटार तेच काम हलक्या हाताने करते. बहिणींच्या आवाजांखाली तिचे चार ठोके नीट ऐकले, की वळणाआधी एक-दोन मात्रा ती किंचित सावध झालेली कळते.

एमेट मिलर या गायकाचा उल्लेख इथे ओझरताच करतो. तोंडाला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करण्याच्या, आज किळसवाण्या वाटणाऱ्या परंपरेतला तो माणूस. पण 1928 मध्ये त्याने डॉर्सी बंधू आणि लँग यांच्या साथीने मुद्रित केलेले ‘लव्हसिक ब्लूज’ पुढे हँक विल्यम्स या कंट्री गायकाने 1949 मध्ये गाऊन देशभर गाजवले. ज्याला आपण आज कंट्री संगीत म्हणतो त्याच्या मुळाशीही लँगची गिटार कुठेतरी वाजते आहे.

क्रॉस्बी आणि लँग : एकाच मायक्रोफोनसमोर

1929 मध्ये लँग आणि वेनुती पॉल व्हाइटमनच्या प्रचंड वाद्यवृंदात दाखल झाले. बिंग क्रॉस्बी तिथे आधीपासून गात होता. त्या वृंदातल्या गाण्यांची संख्या अफाट होती आणि लँग आपल्या वाट्याच्या खुणा एका छोट्या कार्डावर लिहून खिशात ठेवत असे, असे सांगितले जाते. गोष्ट थोडी फुगवलेली असेलही, पण त्याच्या कानावर त्याच्या सहकाऱ्यांचा किती विश्वास होता ते तिच्यातून कळते.

क्रॉस्बीने 1930 मध्ये व्हाइटमनला सोडले आणि 2 सप्टेंबर 1931 रोजी सीबीएस रेडिओवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर लँग त्याचा नेहमीचा साथीदार झाला, रेडिओवर, रंगमंचावर, स्टुडिओत आणि चित्रपटातही. 1932 च्या ‘द बिग ब्रॉडकास्ट’ या चित्रपटात ‘प्लीज’ गाताना क्रॉस्बीच्या शेजारी गिटार घेऊन बसलेला दिसतो तो लँगच. त्याला हलताना-वाजताना पाहण्याची संधी फार थोड्या ठिकाणी मिळते, त्यामुळे हा तुकडा गिटार शिकणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा थांबवून पाहण्यासारखा आहे.

दोघांचे जुळण्यामागे मैत्री होतीच, पण एक तांत्रिक कारणही होते. त्या काळी वाद्ये वेगवेगळी नोंदवून नंतर त्यांचा आवाज कमी-जास्त करण्याची सोय नव्हती. खोलीत कोण मायक्रोफोनपासून किती अंतरावर आहे यावरच सारा तोल ठरे आणि तो जसा तबकडीवर उतरे तसाच कायम राही. हळुवार गाणारा क्रॉस्बी मायक्रोफोनच्या अगदी जवळ उभा राही. त्याच्यालगत बसू शकेल आणि तरीही त्याला झाकणार नाही असे वाद्य गिटारच. पियानो हलवता येत नाही आणि ट्रम्पेट दूर ठेवावी लागते. त्यामुळे ऐकणाऱ्याला क्रॉस्बी आणि गिटार एकाच अंतरावरून, जणू एकाच तोंडून येत असल्यासारखे वाटतात. 1932 मध्ये शिकागोत मुद्रित झालेल्या ‘सम ऑफ दीज डेज’मध्ये क्रॉस्बी शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर स्वरविस्तार करू लागतो, तेव्हा हा शेजार कसा उपयोगी पडतो ते कळते. गायक मोकळा सुटतो, कारण खालचा ठेका आणि कॉर्ड कुठे आहेत याची त्याला शंका नसते.

पण एवढा मोठा कलावंत दुसऱ्यांमागे वाजवत बसला, हे त्याच्या कलेचे नुकसान नाही का?

हा आक्षेप जॅझच्या जुन्या समीक्षकांनी बराच उगाळला आहे. त्यांच्या मते वेनुतीबरोबरची मुद्रणे आणि स्वतंत्र गिटारवादन हे खरे लँगचे काम, आणि क्रॉस्बीची साथ ही पगाराची नोकरी. पैशांचा भाग खरा आहे. 1929 नंतरच्या मंदीत जॅझवादकांना स्टुडिओ आणि रेडिओनेच जगवले. पण कानाने पाहिले तर हा भेद टिकत नाही. स्वतंत्र वादनात लँग कधीकधी आपली सारी विद्या एकामागून एक मांडतो आणि तुकडे वेगवेगळे जाणवतात. गायकामागे मात्र त्याला निवड करावी लागते, आणि निवडीत तो अधिक मोठा वाटतो. माझे तरी मत असे, की गिटार हे आधुनिक गाण्याचे सोबतीचे वाद्य ठरले ते त्याच्या या साथीमुळे. त्याच्या एकल मुद्रणांनी गिटारवादकांना घडवले, पण ऐकणाऱ्या कोट्यवधींच्या कानात गिटार बसवली ती क्रॉस्बीच्या मागच्या लँगने.

1930 च्या आसपास बँडमधून बँजो मागे पडून गिटार आली, त्याला लँग एकटा कारणीभूत नव्हता. ट्यूबा या खर्जातल्या फुंकवाद्याच्या जागी डबल बास हे मोठे तंतुवाद्य आले, लय अधिक गुळगुळीत झाली, आणि बँजोचा टणत्कार त्यात बसेना. पण बदलताना गिटारीने काय वाजवायचे याचा नमुना वादकांना लँगकडून मिळाला. पॅरिसमध्ये 1934 साली जांगो राइनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली यांनी व्हायोलिन-गिटारचा जो चमू उभारला, त्यामागेही वेनुती-लँग यांचा धडा होता. गायकाच्या बाजूने पाहिले, तर 1955 मध्ये ज्युली लंडनने बार्नी केसलची गिटार आणि एक डबल बास एवढ्यावर संपूर्ण तबकडी गायली, आणि 1973 मध्ये एला फिट्झजेराल्डने जो पासच्या एकट्या गिटारवर. हे दोन्ही प्रयोग क्रॉस्बी-लँगच्या जोडीचेच पुढचे टप्पे आहेत.

लेबलवर नाव नाही, तर तो लँगच हे कशावरून?

हा प्रश्न रास्त आहे आणि याचे उत्तर प्रत्येक तबकडीबाबत सारखे नाही. काही मुद्रणांच्या कंपनीच्या दप्तरी नोंदी उपलब्ध आहेत, काहींबद्दल सहभागी वादकांनी नंतर सांगितले आहे. 1936 मध्ये शार्ल दलोने या फ्रेंच अभ्यासकाने जॅझ तबकड्यांची पद्धतशीर सूची प्रसिद्ध केली, आणि पुढच्या सूचीकारांनी तारखा व वादकांची नावे तपासून तिच्यात भर घातली. जिथे कागद नाही तिथे कानावर विसंबावे लागते : मात्रेगणिक बदलणारी कॉर्डची मांडणी, खालच्या तारांवरची चढ-उतार, ओळीच्या शेवटी फिरवलेले उत्तर.

कानाचा पुरावा मात्र जपूनच वापरावा लागतो. लँगनंतर न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आलेले डिक मॅकडोनो आणि कार्ल क्रेस हे गिटारवादक त्याच्याच सावलीत वाढले होते, त्यामुळे 1930 नंतरच्या तबकडीवर चांगली गिटार ऐकू आली की ती लँगची, असे म्हणून मोकळे होता येत नाही. आता या तबकड्या खुल्या होत असताना त्या चढवणारे लोक विक्रीच्या किंवा कौतुकाच्या भरात त्याचे नाव सढळ हाताने लावतील, अशी शक्यता फार आहे. म्हणून नवख्याने सुरुवात खात्रीच्या मुद्रणांपासून करावी : आधी 8 मे 1929 चे ‘किचन मॅन’, कारण तिथे तीनच माणसे आहेत आणि गिटार वेगळी काढायला कष्ट पडत नाहीत, मग 1932 च्या चित्रपटातले ‘प्लीज’, कारण तिथे हात दिसतात, आणि त्यानंतर बॉझवेल भगिनी, कारण तिथे गिटार शोधावी लागते. शक्य तर हेडफोन लावून ऐकावे आणि पहिल्या वेळी गायकाकडे लक्षच देऊ नये.